ताईतवाले साळवे

कार्डिफच्या आमच्या मराठी मंडळात ऐंशीच्या दशकात दोनच जाती होत्या. एक डॉक्टर आणि दुसरी डॉक्टरांच्या बायका. डॉक्टरांत पुन्हा पोटजाती. सर्जन सगळ्यांत वर, भूल देणारे त्यांच्या खाली, आणि म्हाताऱ्यांच्या वॉर्डातले पंगतीच्या टोकाला. साळवे सर यांतल्या कुठल्याच पाटावर बसत नसत. त्यांच्या नावामागे डॉक्टर होतं, पण ते पीएचडीचं. मंडळाचे अध्यक्ष, सर्जन डॉ. धारप त्यांची ओळख करून देताना न चुकता म्हणत, "हे डॉक्टर साळवे. म्हणजे तसे डॉक्टर नव्हेत." जणू हे सांगितलं नाही तर चारजणी लगेच जीभ बाहेर काढून साळव्यांपुढे उभ्या राहतील.

साळवे मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. एवढ्या भांडवलावर मंडळाने त्यांना दोनदा नाताळच्या पार्टीचं काम दिलं होतं. त्यांचा विषय होता ताईत. पहिल्या चार-पाच शतकांतले ख्रिस्ती लोक गळ्यात काय बांधत, दारावर कसला क्रूस काढत, आजारी पोराच्या उशाला कसली ओळ लिहून ठेवत, याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला होता. आमच्या युनिव्हर्सिटीकडे इजिप्तमधून आलेल्या अशा पपायरसच्या चिठ्ठ्यांचा छोटासा संग्रह होता. त्याची सूची करण्यासाठी साळव्यांना वर्षावर्षाच्या करारावर ठेवलं होतं. एका वर्षाचं काम म्हणून ते आले आणि मी त्या खात्यात पार्टटाइम टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा त्यांचं नववं वर्ष चालू होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे पेन्सिलीने लिहिलेल्या कागदांचा ढीग ठेवला. बुटका माणूस, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, पँटच्या पायांना सायकलच्या क्लिपा. त्या क्लिपा दिवसभर तशाच असत. खात्यात कोणी टोकलं तर म्हणत, "करार कधी संपेल सांगता येत नाही. निघायची तयारी असावी."

"पाटणकरबाई, आईचं नाव काय?" हा त्यांचा मला पहिला प्रश्न.

"माझ्या आईचं? मालती."

"छान. म्हणजे मालतीने जिला जन्म दिला ती तुम्ही. त्या काळच्या ताइतावर माणसाची ओळख अशीच लिहीत. बापाचं नाव नाही. भुताला पत्ता अचूक लागतो. आई कोण हे नक्की असतं. बाप म्हणजे ऐकीव माहिती."

आपल्या नावात नवऱ्याचं नाव, त्याआधी बापाचं नाव, असं दोन पुरुषांचं ओझं वाहणारी मी त्या दिवशी मनातल्या मनात खूश झाले. पण साळव्यांसमोर खूश दिसण्यात धोका असे. ते लगेच टोचत. म्हणाले, "हसू नका, टाइप करा. ग्रीक अक्षरं तुमच्या मशीनवर नाहीत. तिथे जागा सोडा. युनिव्हर्सिटीचं धोरणच आहे ते."

त्यांना थट्टेशिवाय बोलता येत नसे. प्रोफेसरांना ते 'आमचे बिशप' म्हणत. मंडळाला 'जनरल हॉस्पिटल'. स्वतःच्या धर्मालाही सोडत नसत. त्यांचे वडील खेड्यात पाळक होते. बाप्तिस्म्याच्या दिवशी ते कात्री घेऊन उभे राहत आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यातला, दंडातला ताईत कापून बिस्किटांच्या डब्यात टाकत. मग मोठ्या आवाजात प्रवचन. साळवे सांगत, "पुढच्या रविवारी सगळ्या पोरांच्या गळ्यात क्रूस. आणि दोरा? तोच काळा दोरा! गाठ मारून पुन्हा बांधलेला. वडील खूश, आया खूश. इजिप्तमध्ये हेच झालं होतं. धर्माने लटकन बदललं, दोरा आईच्या ताब्यात राहिला."

दुसरं त्यांचं आवडतं म्हणणं असं, की बंदी वाचली की समजावं, ती गोष्ट जोरात चालू होती. जुन्या धर्मसभांनी पाद्र्यांना ताईत बनवायला मनाई केली होती. "याचा अर्थ काय, पाटणकरबाई? रविवारी ओरडणारेच सोमवारी लिहून देत होते. हस्ताक्षरावरून कळतं. चर्चमध्ये शिकलेली अक्षरं आहेत ती. वर क्रूस, मध्ये प्रार्थना, खाली 'ताप जा, थंडी जा, दिवसाआड येणारा तिजारा ताप जा'. सही मात्र नाही. नोकरी जायची ना!"

तर अशा माणसाला मंडळाने एका संक्रांतीला व्याख्यान द्यायला बोलावलं. ठरलेला वक्ता लंडनहून आलाच नाही, म्हणून. शाळेच्या हॉलमध्ये तिळगूळ, बटाटेवडे आणि साळव्यांच्या स्लाइड्स. त्यांनी नखाएवढ्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या दाखवल्या, घोड्यावरून राक्षसिणीला भाला खुपसणारा संत दाखवला, वाईट नजरेच्या डोळ्यावर तुटून पडलेले विंचू आणि साप दाखवले. बोलले झकास. लोक कधी नव्हे ते गप्प बसून ऐकत होते. आभार मानताना धारप म्हणाले, "अंधश्रद्धा किती खोल असते हे कळलं. सुदैवाने आपण सगळे मेडिकल सायन्सचे लोक आहोत." टाळ्या झाल्या.

आणि चहाच्या टेबलापाशी मेडिकल सायन्सची रांग लागली.

माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. पहिला आला तो मेडिसिनचा रजिस्ट्रार. मेंबरशिपची परीक्षा तीनदा नापास झालेला. "सर, फॅसिनेटिंग टॉक हां. ॲक्च्युअली, विचारायचं होतं, एक्झामसाठी पण असतं का काही? नाही, बिलीफ वगैरे नाही माझा. जस्ट, हार्मलेस असेल तर." मग मानसोपचारवाल्या एक बाई. घर विकलं जात नव्हतं. मग एक हाडांचे डॉक्टर, त्यांना कोणाची नजर लागली होती हे त्यांना आडनावासकट ठाऊक होतं. ताइतांवर बोलणारा माणूस ताईत देणाराही असणार, असं या सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. हृदयावर बोलणारा हृदय तपासतो, मग ताइतांवर बोलणाऱ्याने ताईत द्यायला काय हरकत आहे? हिशोब चोख होता.

साळवे आधी चक्रावले, मग त्यांना गुदगुल्या झाल्या. रजिस्ट्रारला म्हणाले, "आहे ना. फार जालीम आहे. रोज चार तास पुस्तक उघडून त्याच्यासमोर बसायचं. उतरवायचं नाही." हाडांच्या डॉक्टरांना म्हणाले, "नजरेवर उपाय सोपा आहे. नवी मर्सिडीज गराजमध्ये ठेवा." त्या दिवसापासून मंडळात त्यांचं नाव 'ताईतवाले साळवे' पडलं, आणि त्यांची टिंगल करणारे तेच लोक एकेकटे गाठून त्यांना विचारत राहिले. सहा वर्षं. एकालाही त्यांनी कधी काही लिहून दिलं नाही.

दिलं ते एकदाच, आणि ते माझ्यामुळे.

धारपांच्या पत्नी सुलभाताई एका दुपारी माझ्याकडे आल्या. त्यांची मुलगी नंदिनी इथेच जन्मलेली, इथेच वकील झालेली. तिची दोन मुलं पोटातच गेली होती, पाचव्या महिन्यात. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. पुण्याहून बहिणीने अंगारा पाठवला तर धारपांनी पाकीट उघडून तो सिंकमध्ये ओतला, वर नळ सोडला, आणि जेवताना सगळ्यांना सांगितलं. सुलभाताई म्हणाल्या, "मला त्या साळव्यांकडे ने. मंडळात कुणाला विचारलं तर संध्याकाळपर्यंत ह्यांना कळेल. ते साळवे कुणाशी बोलत नाहीत."

मी नेलं. खात्याच्या तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत. साळव्यांनी सवयीने सुरुवात केली, "काय हो सुलभाताई, तुमच्याकडे तेहतीस कोटी आहेत. आमच्या एकावर लोड कशाला?"

सुलभाताई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. म्हणाल्या, "माझी मुलगी रात्रंदिवस दोन्ही हातांनी पोट धरून बसते. ती हात मोकळे सोडायलाच तयार नाही. तिला धरायला दुसरं काहीतरी हवंय. बस्स."

साळव्यांनी टेबलावरचे कागद बाजूला केले, कपाटातून जाड हातकागदाचा तुकडा काढला आणि टाक पुसला. दोन ओळींना किती वेळ लागावा? ते तासभर लिहीत होते. मी त्यांच्या गचाळ अक्षरांवर आयुष्यातली काही वर्षं घालवली होती. ही अक्षरं मी ओळखलीही नसती. वर क्रूस. खाली ग्रीकमध्ये दोन ओळी. मग त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं, "सुलभेने जिला जन्म दिला त्या नंदिनीला सांभाळ. आणि तिच्या लेकराला."

सुलभाताईंनी विचारलं, "माझं नाव कुठलं?" त्यांनी दाखवलं. त्या बाई तीस वर्षं मिसेस धारप होत्या. दूधवाल्याच्या बिलापासून मंडळाच्या पत्रिकेपर्यंत. त्या पाच-सहा अक्षरांकडे त्या अशा बघत राहिल्या की मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

घडी घालताना साळवे म्हणाले, "एक अट आहे. हॉस्पिटलची एकही अपॉइंटमेंट चुकवायची नाही. ते गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालायचा म्हणाले तर घालून घ्यायचा, झोपून राहायला सांगितलं तर झोपून राहायचं. एक जरी चुकवली तर कागद परत. कबूल?" त्यांनी ते दोनदा वदवून घेतलं. मी तिथे होते. मी ऐकलं.

चौथ्या महिन्यात नंदिनीला टाका घालायला नेलं. ऑपरेशनच्या आधी नर्सने गळ्यातलं सगळं, ताइतासकट, काढून पाकिटात घातलं आणि ते पाकीट, सर्जनसाहेबांचा मान म्हणून, वडिलांच्या हातात दिलं. धारपांनी उघडलं. ग्रीक त्यांना येत नव्हतं, पण संक्रांतीच्या स्लाइड्स त्यांनी पाहिल्या होत्या.

त्यांनी घरात काय केलं ते मला माहीत नाही. युनिव्हर्सिटीला मात्र दोन पानी पत्र लिहिलं. तुमचा कर्मचारी गरोदर बायकांना जादूटोण्याच्या चिठ्ठ्या देतो, खात्याचं साहित्य वापरतो, आणि पेशंटना उपचारांपासून परावृत्त करतो. ते पत्र आधी माझ्याच टेबलावर आलं, कारण टपाल मी उघडत असे.

चौकशीला तिघेजण होते. प्रोफेसर, ऑफिसातला एक चष्मेवाला, आणि साळवे. चौथी मी, शॉर्टहँडमध्ये नोंदी घ्यायला. कराराची मुदत महिनाभराने संपत होती आणि सूची संपायला अजून सहा महिने हवे होते. पंधरा वर्षं त्या माणसाने दुसरं काहीही केलं नव्हतं. लग्न नाही, घर नाही, गाडी नाही. त्या चिठ्ठ्या होत्या.

प्रोफेसर तसे सज्जन. त्यांना गवगवा नको होता. ते म्हणाले, "डॉक्टर साळवे, तुमची विनोदबुद्धी सगळ्यांना माहीत आहे. ही एक थट्टा होती, असं आपण लिहू. मी त्या सर्जनना तसं कळवतो, ते घरी सांगतील, विषय संपला. तुमचा करार माझ्यासमोरच आहे. मी आत्ता सही करतो."

साळवे म्हणाले, "थट्टा मी तुमची करतो, प्रोफेसर. ती वेगळी असते."

चष्मेवाल्याने विचारलं, "म्हणजे त्या कागदात शक्ती आहे असं तुम्ही मानता?"

"नाही."

"मग ती थट्टाच झाली."

"नाही."

"मिस्टर साळवे, दोन्हीपैकी एक काहीतरी असेल ना?"

"ती मुलगी अजून पाच महिने घरी पडून राहणार आहे. तिला तुम्ही काय सांगणार आहात? की तुझ्या आईला एका माणसाने मूर्ख बनवलं? मी तासभर बसून एकही चूक न करता ते लिहिलं. थट्टा म्हणून कोणी एवढे कष्ट घेत नाही. निदान मी घेत नाही."

मग उपचारांचा मुद्दा निघाला. साळव्यांनी सांगितलं की एकही अपॉइंटमेंट चुकवायची नाही अशी अट घातली होती. चष्मेवाला म्हणाला, "त्याला साक्षीदार आहे का? त्या बाईंना तुमच्याकडे कोणी आणलं?"

माझी पेन्सिल थांबली. आमच्या ह्यांची सीनियर रजिस्ट्रारची मुलाखत त्या शुक्रवारी होती. शिफारसपत्र धारप लिहिणार होते. कार्डिफला येण्याआधी चार वर्षं आम्ही दोन मुलं आणि आठ पेट्या घेऊन दर सहा महिन्यांनी हॉस्पिटलं बदलत फिरलो होतो, तेच पुन्हा नको होतं. हे सगळं मी आता सांगते आहे. त्या वेळी मी एवढाही विचार केला नाही. मी नुसती मूग गिळून खाली बघत बसले. साळव्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर त्या दोघांना कळलं असतं.

ते म्हणाले, "सोळाशे वर्षं बायका येतायत. त्यांना आणावं लागत नाही."

मी ते वाक्य लिहून घेतलं. नोंदी व्यवस्थित टाइप केल्या, तीन प्रतींत, एकही खाडाखोड न करता. माझ्या कामाचं प्रोफेसरांनी कौतुक केलं.

करार वाढला नाही. सुलभाताईंना कोणी काही विचारलं नाही, कारण तसं विचारायचं असतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ह्यांना नोकरी मिळाली. धारपांचं शिफारसपत्र फार सुंदर होतं म्हणे. नंदिनीला मुलगी झाली, साडेसहा पौंडांची, ठणठणीत. धारपांनी श्रेय टाक्याला दिलं. टाक्याचं होतंही. आधी मंडळाला पेढे वाटले आणि मग विज्ञानावर पाच मिनिटं बोलले. दोन वर्षांनी सूचीचं पुस्तक निघालं, प्रोफेसरांच्या नावाने. मागे आभारांच्या यादीत साळव्यांचं नाव आहे, टायपिस्टच्या खाली. टायपिस्ट मी. ते पानही मीच टाइप केलं आणि प्रोफेसरांना काही म्हटलं नाही. एकदा गप्प बसायची सवय लागली की पुढचं सोपं जातं.

साळवे त्यानंतर कार्डिफमधून गेले. कुठे, ते मंडळात कोणालाच माहीत नव्हतं, आणि विचारण्याइतकी कोणाला गरजही नव्हती. परीक्षावाला रजिस्ट्रार तेवढा एकदा म्हणाला, "अरे यार, ते ताईतवाले कुठे गेले? नाइस चॅप होता."

नव्वद उलटून चारेक वर्षं झाली होती. मुलाला ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटीत पोचवायला गेलो होतो. ह्यांना गाडी लावायला जागा मिळेना म्हणून मी एका मोठ्या चर्चमध्ये शिरले. दाराशीच दुकान होतं, अशा चर्चमध्ये असतं तसं. मेणबत्त्या, मार्मालेड, पोस्टकार्डं, आणि काउंटरवर फिरत्या स्टँडवर टांगलेले संतांचे बिल्ले. गाडीच्या किल्लीला लावायचे, गळ्यात घालायचे, बाळाच्या पाळण्याला अडकवायचे. स्टँडच्या मागे साळवे. केस पांढरे झालेले, स्वेटर तसाच बिनबाह्यांचा.

माझ्या पुढे एक म्हातारी इंग्रज बाई होती. नातवाने मोटरसायकल घेतली म्हणून प्रवाशांच्या संताचा बिल्ला घेत होती. पैसे देताना ओशाळून म्हणाली, "सिली, आय नो."

साळव्यांनी बिल्ला पातळ कागदात गुंडाळला, दोन्ही टोकं दुमडली आणि तिच्या हातात ठेवला. "नॉट ॲट ऑल, मॅडम," म्हणाले. एवढंच. इतक्या वर्षांच्या सवयीने मी वाट पाहत होते की आता पुढचा टोमणा येईल. आला नाही.

मग त्यांनी मला पाहिलं. "अरे, पाटणकरबाई! या या. बघा, चर्चने शेवटी बंदी उठवली. आता व्हॅटसकट विकतात. काय देऊ? मुलगा आलाय का शिकायला? ब्रिस्टलचे चढ फार वाईट आहेत, हा घ्या, यात गुडघे पण कव्हर होतात."

मी हसले नाही. सहा वर्षं जे तोंडात घोळत होतं ते त्या मार्मालेडच्या बरण्यांसमोर बाहेर पडलं. "सर, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. ती अट मी ऐकली होती. मी सांगितलं असतं तर तुमची नोकरी राहिली असती."

मला वाटत होतं, ते थट्टेत उडवून लावतील. बिशपवरून काहीतरी म्हणतील, निदान हात झटकतील, आणि मी सुटेन. खरं सांगायचं तर त्यासाठीच मी बोलले होते.

साळव्यांनी हातातला कागद काउंटरवर ठेवला. माझ्याकडे नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"हो," ते म्हणाले. "बोलायला हवं होतं."

मागे एक माणूस दोन मेणबत्त्या घेऊन उभा होता. मी बाजूला झाले आणि साळव्यांनी त्याच्या मेणबत्त्या घ्यायला हात पुढे केला.